मामा तलावावर रविवारची गर्दी: सोडलेले मासे गळाला का लागत नाहीत?

धानपट्टा (साकोली तालुका), प्रश्न:

नमस्कार मंडळी. आमच्या गावालगतच्या माजी मालगुजारी (मामा) तलावाचा, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेल्या तलावाचा, ठेका मत्स्य सहकारी संस्थेकडे असून, रविवारी आणि सुटीच्या दिवशी ठराविक शुल्क घेऊन गळाने मासे धरण्याची परवानगी संस्था देते. दर पावसाळ्यात तलावात रोहू, कटला आणि मिरगल यांची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली जाते, सायप्रिनसही (कॉमन कार्प) भरपूर आहे, आणि उन्हाळ्यात संस्थेच्या जाळ्यांतून निघणारा माल पाहिला की तलावात मासा नाही असे कोणीही म्हणणार नाही. तरीही रविवारी पाळेवर काठीला काठी लागेल इतकी गर्दी असते आणि दुपारपर्यंत बहुतेकांच्या थैल्या रिकाम्याच राहतात.

माझा चुलतभाऊ अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात नोकरीला आहे. तिकडे सरकारी खाते टँकरने ट्राउट मासे आणून सार्वजनिक तलावांत सोडते आणि त्यानंतर काठावर अशीच झुंबड उडते. पण तिथे नवख्या माणसालाही चार मासे मिळतात, असे तो सांगतो. त्याने दिवाळीत येताना रंगीत मऊ आमिषाच्या बाटल्या आणि पाण्यात गरगर फिरणारी चकचकीत पाती आणून दिली. ती वापरून पाहिली, पण रोहूने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याच वेळी सांडव्याच्या पलीकडे एकटेच बसणारे एक वयस्क काका वेळूच्या काठीवर नेमाने दोन-तीन मासे घेऊन जातात आणि काही विचारले की नुसते हसतात.

सोडलेला मासा भोळा असतो हे खरे असेल, तर आमच्या तलावातला मासा इतका शहाणा कसा? आमिष, जागा, वेळ यांपैकी नेमके काय बदलावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

---

वैनगंगाकाठ (पवनी), उत्तर:

धानपट्टा भाऊ, आपल्या चुलतभावाचे म्हणणे त्याच्या तलावापुरते बरोबर आहे. तिकडे बहुधा वीतभर किंवा त्याहून मोठे, म्हणजे लगेच धरण्याजोगे झालेले मासे सोडतात. ते मासे हौदात वाढलेले असतात, माणूस काठावर आला की वरून गोळीखाद्य पडते हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते, आणि तलावात आल्यावर काही दिवस ते सोडलेल्या जागेच्या आसपास, उथळ पाण्यात झुंडीने फिरत राहतात. त्या बाटलीतले मऊ आमिष मुळात त्या गोळीखाद्याची आठवण करून देण्यासाठीच बनवलेले असते, तर फिरते पाते छोट्या माशामागे धावण्याच्या ट्राउटच्या शिकारी स्वभावाला चाळवते.

आपल्याकडे जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान सोडतात ती बोटाएवढी पोरे. त्यांना पुढे कोणी खाऊ घालत नाही. मरळ, शिंगाडा आणि पाणकावळे यांच्या तावडीतून जी वाचतात ती तलावातल्याच अन्नावर वाढतात, आणि सुपीक पाण्यात वर्षभरात पाऊण-एक किलोची होतात. आपल्या गळासमोर येणारा रोहू म्हणजे जवळजवळ रानमासाच, फक्त त्याचा जन्म मत्स्यबीज केंद्रात झालेला. या तीन जातींची वीण साचलेल्या पाण्यात होत नाही, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते, म्हणूनच बीज दरवर्षी सोडावे लागते. 1957 साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण घडवून आणली नसती, तर आजही हे बीज नद्यांतूनच गोळा करावे लागले असते.

ट्राउट आपल्या भागात सोडण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर तो तिथेच सोडून द्यावा. तो थंड पाण्याचा मासा आहे. दहा ते सोळा अंश सेल्सिअसच्या आसपास तो सुखात असतो आणि पंचविशीच्या पुढे त्याचा जीव धोक्यात येतो. आपल्या देशात तो काश्मीर, कुल्लू, निलगिरी अशा ठिकाणी टिकला. आपल्या तलावांचे वरचे पाणी उन्हाळ्यात तिशी ओलांडते.

आता गर्दीबद्दल. रोहू, कटला, मिरगल आणि सायप्रिनस या कुळातल्या माशांच्या पोटातला हवेचा फुगा छोट्या हाडांच्या साखळीने थेट आतल्या कानाला जोडलेला असतो, त्यामुळे त्यांची श्रवणशक्ती फार तीक्ष्ण असते. ट्राउटला ही सोय नाही. मातीच्या पाळेवर दुचाकी चढवणे, दगड टाकणे, पिचिंगवरून (पाळेच्या उतारावरच्या दगडी अस्तरावरून) धपाधप उतरणे हे सगळे त्यांना पाण्यात कळते, आणि ते काठापासून पन्नास-साठ पावले आत सरकतात. आपले काका सांडव्याच्या पलीकडे एकटेच बसतात, यात त्यांचे निम्मे कौशल्य आले.

जागा निवडताना पाळ शक्यतो सोडा. जिथून तलावात पाण्याचा येवा आहे ते तोंड, पाणवनस्पतींच्या पट्ट्याची बाहेरची कड, किंवा ज्या काठाकडे वारा वाहत आहे तो काठ पाहा, कारण वाऱ्याबरोबर पाण्यातले सूक्ष्म जीव त्या बाजूला जमतात आणि त्यांच्यामागे कटला येतो. आमिष किती खोल ठेवायचे, हे माशाच्या तोंडावरूनच कळते. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या थरात चरतो. रोहूचे ओठ झालरीसारखे, तो मधल्या थरात. मिरगलचे तोंड खाली, तो तळाचा गाळ चिवडतो. बहुतेक जण तरंगी (दोरीवरचा तरंगता खुणेचा तुकडा) एकदा बांधतात आणि दिवसभर तिच्याकडे पाहत बसतात. तासाभरात काही हलले नाही, तर खोली हातभर कमी-जास्त करून पाहणे हा साधा उपाय आहे, पण तो करताना मला फारसे कोणी दिसत नाही.

वेळेबद्दल माझे मत अनेकांना पटत नाही. अंधारात येऊन बसण्याचा आग्रह मला निरर्थक वाटतो. हिरव्या, शेवाळलेल्या तलावात रात्रभर वनस्पती आणि जीवजंतू प्राणवायू वापरत असतात, त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. गरम पाण्यात तो मुळातच कमी मावतो. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे अकरा मिलिग्रॅम, तर तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसले की लोक खूश होतात, पण ते भुकेने नव्हे, गुदमरून वर आलेले असतात आणि अशा वेळी आमिषाला शिवत नाहीत. ऊन वर आल्यानंतरचे दोन-तीन तास, आणि पुन्हा उतरत्या उन्हाची वेळ, हे मला अधिक खात्रीचे वाटतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मात्र भर दुपार चांगली.

---

पाळेकरी (अर्जुनी मोरगाव तालुका), उत्तर:

मी स्वतः मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचा असून आमच्या गावच्या संस्थेत काम पाहतो. वर आलेली माहिती योग्य आहे, तिला तलावाच्या बाजूने थोडी जोड देतो.

मालगुजारी 1951 साली संपली आणि हे तलाव शासनाकडे आले. आज लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे विभागाकडे आहेत. सिंचनाचे पाणी शेतकऱ्यांचे आणि मासेमारीचा ठेका संस्थेचा, अशी ही वाटणी आहे. ठेक्याची रक्कम आणि बीजाचा खर्च संस्थेचे सभासद भरतात. रविवारी येणारी मंडळी तलाव सरकारी म्हणून मासा सर्वांचा, असे समजून वाद घालतात, तेव्हा या गोष्टीचा त्यांना विसर पडलेला असतो. आपल्या संस्थेने परवानगी दिली आहे, हा तिचा मोठेपणा समजावा.

वर्षाचा हिशेब पाण्याशी बांधलेला आहे. धान निसवण्याच्या सुमारास, म्हणजे साधारण ऑक्टोबरमध्ये, पाणी सुटते आणि तलाव उतरू लागतो. दिवाळीनंतर कडाक्याची थंडी पडेपर्यंतचा काळ गळासाठी सर्वांत चांगला. पाणी निवळलेले, मासा अंगाने भरलेला आणि जाळी अजून मोठ्या प्रमाणावर पडलेली नसतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत दुसरी संधी मिळते. एप्रिल-मे महिन्यांत पाणी डबक्याएवढे उरते, मासा दाटतो, आणि लोकांना वाटते की आता तर हाताने उचलू. परंतु उष्णता आणि रोजची ओढजाळी यांमुळे तो इतका बिथरलेला असतो की गळाकडे फिरकत नाही. पावसाळ्यात बीज सोडल्यावर आम्ही काही महिने गळ पूर्ण बंद ठेवतो, कारण बोटुकली गांडुळाच्या तुकड्याला हमखास लागतात आणि गळ काढताना मरतात.

आमिष साधेच ठेवावे. कणीक आणि भाजलेल्या चण्याचे पीठ मळून वाटाण्याएवढी गोळी रोहूला पुरते. सायप्रिनस आणि मिरगलला गांडूळ किंवा शिजवलेला मका चालतो. मासा जागेवर जमवण्यासाठी पाण्यात टाकायच्या चाऱ्याला तांदळाचा कोंडा आणि भिजवलेली शेंगदाण्याची ढेप घेऊन लिंबाएवढा गोळा दर दहा-पंधरा मिनिटांनी एकाच जागी टाकावा. गर्दीत प्रत्येक जण घमेलेभर चारा ओततो. मासा तेथेच पोट भरून घेतो, उरलेला चारा आंबतो, आणि पुढच्या रविवारी त्या जागेला मासा टाळतो.

कटल्यासाठी काही जण पिठाच्या मोठ्या गोळ्याभोवती पाच-सहा गळ लावतात. गोळा विरघळताना जो धुरळा होतो तो कटला ओढून घेतो आणि त्याबरोबर एखादा गळ तोंडात जातो. पद्धत जुनी आणि परिणामकारक आहे, हे मान्य. परंतु हीच मंडळी पुढे झटके मारून माशाच्या पोटात, डोळ्यात गळ रुतवतात, म्हणून आमच्या तलावावर एका दोरीला एकच गळ असा नियम केला आहे. आपल्याकडे काय नियम आहे ते संस्थेत विचारून घ्यावे.

---

धानपट्टा (साकोली तालुका):

दोघांचेही मनापासून आभार. पाळ सोडून येव्याच्या तोंडाकडे बसून पाहीन. दोन शंका राहिल्या आहेत. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) किती जाडीची असावी? आणि आमच्या घरी मोहाच्या टोळीचे (बियांचे) तेल काढल्यानंतरची ढेप पडून आहे. मोहाच्या वासाला मासा येतो असे ऐकले होते, तर शेंगदाण्याच्या ढेपेऐवजी ती चाऱ्यात मिसळली तर चालेल काय?

---

पाळेकरी (अर्जुनी मोरगाव तालुका):

भाऊ, ती ढेप तलावाच्या जवळपासही नेऊ नका. वासासाठी वापरतात ती मोहाची फुले, भिजवून ठेचलेली. त्यांनी काही बिघडत नाही. टोळीच्या ढेपेत मात्र सॅपोनिन नावाचे द्रव्य असते, जे कल्ल्यांतून रक्तात जाऊन रक्तपेशी फोडते. मत्स्यबीज वाढवण्याच्या तळ्यांत नको असलेले मासे मारण्यासाठी हीच ढेप मुद्दाम टाकतात, मीटरभर पाण्याला हेक्टरी सुमारे अडीच हजार किलो, आणि पाण्यातले विष उतरायला दोन-तीन आठवडे वाट पाहावी लागते. आपल्या मूठभर ढेपेने अख्खा तलाव मरणार नाही हे खरे, पण काठाच्या उथळ पाण्यातली पोरे उलटी झाली, तर परवानगी देणाऱ्या संस्थेला सभासदांसमोर काय उत्तर द्यावे लागेल, याचा विचार करावा. ती ढेप शेतात खत म्हणून चांगली.

---

वैनगंगाकाठ (पवनी):

जाडीबद्दल सांगतो. गर्दीच्या, रोज गळ पाहणाऱ्या पाण्यात जाड तंगूस हेच अपयशाचे मोठे कारण असते. पाव मिलिमीटरची मुख्य दोरी आणि गळाजवळ हातभर त्याहून बारीक तुकडा, एवढ्यावर दोन किलोचा रोहूही धीराने आणता येतो. रिळाची पकड मात्र सैल ठेवावी, म्हणजे पहिल्या धावेला दोरी सुटत जाईल. गळ आठ किंवा दहा नंबरचा, गोळीत पूर्ण लपेल असा घ्यावा. तरंगीसाठी वाळलेली, हलकी मोरपिसाची काडी पुरते, आणि शिसे इतकेच लावावे की तिचे फक्त टोक वर राहील. रोहू आमिष ओढून नेत नाही, ओठांनी चोखतो, त्यामुळे तरंगी बुडण्याची वाट पाहणारा माणूस नेहमी उशिरा ओढतो. टोक गव्हाच्या दाण्याएवढे वर उचलले गेले किंवा किंचित बाजूला सरकले, की मनगटानेच हलका झटका द्यावा.

एक विनंतीही आहे. तुटलेल्या तंगूसचे तुकडे खिशात घालून घरी आणावेत. हिवाळ्यात आपल्या तलावांवर बदके उतरतात, आणि गोंदिया-भंडाऱ्याकडे सारस अजून टिकून आहेत. पायात गुंतलेली नायलॉनची दोरी पक्ष्याला सोडवता येत नाही.

---

धानपट्टा (साकोली तालुका):

समजले. ढेप बांधीत टाकतो. संस्थेच्या कार्यालयात आजच विचारून आलो. आमच्याकडेही एका दोरीला एकच गळ असा नियम आहे आणि अर्ध्या किलोच्या आतला मासा परत सोडायचा आहे. चुलतभावाची चकचकीत पाती आता मरळीसाठी राखून ठेवतो, तो मासा तरी शिकारी आहे.

---

वैनगंगाकाठ (पवनी):

मरळीसाठी ती नक्की चालतील, पण पाणवनस्पतींत अडकणार नाहीत अशी एकेरी गळाची बघून घ्या. आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला तांबड्या पिल्लांचा घोळका पृष्ठभागावर दिसला, तर तिथे पाते टाकू नका. मरळीचे आई-बाप त्या घोळक्याची राखण करत खालीच असतात आणि रागाने कशावरही झेपावतात. ते उचलले गेले की तो सगळा घोळका इतर माशांच्या पोटात जातो.