तळ्याकाठची मुलगी उदास आहे की नुसती बघून राहिली?

लेकीची आई, नागपूर
सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत एक छापील चित्र सापडलं. खाली फक्त 'जॉन बाउर, १९१३'. उंच काळपट खोडं, काळा डोह, आणि काठावर सोनेरी केसांची एवढीशी पोर पाण्यात बघत बसलेली. इतवारीतून फ्रेम करून लेकीच्या खोलीत लावलं. सासूबाई म्हणतात, दिवेलागणीला पाहवत नाही, काढ ते. मला वाटतं, पोर रुसलीय. सात वर्षांची लेक म्हणते, "तिचं काहीतरी हरवलं, शोधून राहिली."

निवृत्त चित्रकला मास्तर
ताई, लेक बरोबर आहे. बाउर स्वीडनचे, परीकथांची चित्रं काढणारे. ही राजकन्या तुवस्तार. एका एल्कच्या (तिकडचं मोठं, शिंगाळं हरीण) पाठीवर बसून जंगल बघायला निघते, आधी मुकुट गमावते, शेवटी गळ्यातलं सोन्याचं बदाम डोहात पडतं. मग ती तिथून हलतच नाही.
एक करून पाहा. मुलीवर तळहात ठेवा. उरतो नुसता अंधार. हात काढला की सगळा उजेड तिच्याच अंगावर. आणि खोडांचे शेंडे पाहा, दिसतच नाहीत, वरच्या कडेला कापलेत. आभाळ नाही म्हणून नजर वर जात नाही, घसरून पाण्याशीच येते. आपणही तिच्यासोबत शोधत बसतो. सासूबाईंना जे जड वाटतं ते हेच असावं.

गोरेवाड्याचा भटक्या
मला तर त्यात मरणच दिसतं. बाउर १९१८ मध्ये वेटर्न सरोवरात बोट बुडून बायको-मुलासकट गेला, वय ३६.

निवृत्त चित्रकला मास्तर
चित्र पाच वर्षं आधीचं आहे हो! नंतरचं दुःख मागे नेऊन कशाला चिकटवता? त्यापेक्षा नाव बघा. तुवस्तार म्हणजे पाणथळीत झुपक्यांनी उगवणारं गवत, आपल्या लव्हाळ्याच्या जातीचं. काठावर रुजून बसलेली पोर, नाव गवताचं. मला हे जास्त बोलकं वाटतं.

लेकीची आई, नागपूर
मास्तर, तळहात ठेवून पाहिला, अंगावर काटा आला. सासूबाईंना गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, "मंग कोणी उतरून काढून काहून नाही देत तिले?" चित्र आता पलंगासमोरून काढून खिडकीजवळ लावलंय. लेकीनं काचेवर, बरोबर पाण्याच्या जागी, पिवळ्या मार्करनं बदाम काढला. स्पिरिटनं पुसलं, निघूनच नाही राहिला.