मदत हवी आहे : ठिसूळ ट्युबरॉसिटीत अँकर धरेल का?

मंडळी, दुर्बिणीतून खांद्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. रुग्ण ६८ वर्षांच्या बाई, सुप्रास्पायनेटसचा (दंड वर उचलणाऱ्या स्नायूचा) जुना फुल-थिकनेस टेअर, म्हणजे त्याचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) आरपार तुटलेला, आणि ग्रेटर ट्युबरॉसिटी (दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाचा, टेंडन जिथे चिकटतो तो उंचवटा) साध्या एक्सरेतच पोकळ दिसते आहे. डबल रो ठरवलाय, म्हणजे टेंडन अँकरच्या (दोरे हाडात धरून ठेवणाऱ्या छोट्या खिळ्यांच्या) दोन ओळींनी बांधायचा; मेडियल रोला, म्हणजे आतल्या ओळीला, ५.५ मिमीचे बायोकंपोझिट (शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या साहित्याचे) स्क्रू अँकर.

एवढं नक्की करणार: अँकर कूर्चेच्या कडेला अगदी लागून, कारण टेंडन तुटल्यावर ताण जाऊन ट्युबरॉसिटी आतून विरळ होते, कडेचं हाड त्यामानाने घट्ट राहतं. टॅपने आधी आटे पाडायचे नाहीत, फक्त पंचने भोक. बर (घासणारं फिरतं यंत्र) फिरवून कॉर्टेक्स (हाडाचं बाहेरचं कठीण कवच) उडवायचा नाही, रास्पने (कानशीने) रक्त दिसेपर्यंत घासलं की पुरे. अँकर खोल बुडाला तर आटे पोकळीत फिरतात, म्हणून डोकं कॉर्टेक्सच्या जेमतेम खाली.

अडचण पुढे आहे. दोरा ओढून पाहताना अँकर किंचितही वर सरकला तर त्यावर गाठ मारण्यात अर्थ नाही. मग त्याच भोकात ६.५ मिमीचा घालावा, शेजारी दुसरा अँकर ठोकून पाचर मारावी, की थोडं बोन सिमेंट? सिमेंट सांध्यात झिरपण्याची मला जास्त काळजी वाटते. ऑल-सूचर (पूर्ण दोऱ्याचाच बनलेला) अँकर कॉर्टेक्सच्या खाली फुगून अडकतो. कॉर्टेक्सच पातळ असेल तर तो टिकतो का?

लॅटरल रो (बाहेरची ओळ) खाली, घट्ट कॉर्टेक्सपर्यंत नेता येईल, पण अ‍ॅक्सिलरी नर्व्ह (खांद्याच्या डेल्टॉइड स्नायूला जाणारी नस) सांभाळून तुम्ही किती खाली जाता?