खिडकीची फिल्म: टेबलावर मापात कापावी की काचेवर लावून?

ठाणेकर_फिल्मवाला (धागाकर्ता)

आपल्याकडे सपाट काचेवर फिल्म (काचेला चिकटवायचा पातळ प्लास्टिकचा पडदा) लावणारे बहुतेक जण चारही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच जादा कापतात, ओली फिल्म काचेवर बसवतात आणि मग कटरने कडा काढतात. माझं मत असं की घरांच्या खिडक्यांसाठी ही सवय सोडायला हवी. फिल्म टेबलावर, मापात कापूनच आणावी.

घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये सर्रास दिसते तशी मांडणी घ्या. पाच स्लायडिंग खिडक्या, दहा शटर (सरकणारे पल्ले), रबराच्या आत दिसणारी काच २२ बाय ४६ इंच. प्रत्येक खिडकीवर ४४ बाय १३ ची फिक्स काच. ४८ इंच रुंदीचा रोल घेतला आणि शटरची ४६ ची बाजू त्या रुंदीत ठेवली तर दहा शटरना २२० इंच लांबी लागते आणि वरच्या पाच काचांना आणखी ६५ इंच. एकूण ९५ चौरस फूट. ६० इंची रोलमध्ये शटरचे ४६ आणि फिक्सचे १३ शेजारी-शेजारी बसतात, ५९ इंच. त्याच २२० इंचांत सगळं घर निघतं. फिल्म ९१.७ चौरस फूट आणि काच साधारण ९०.

आता अर्धा इंच जादा धरून बघा. ४७ अधिक १४ म्हणजे ६१. साठीच्या रोलमध्ये हे बसतच नाही, सगळी मांडणी मोडते. त्या कतरणीचे पैसे ग्राहकाच्या बिलात जातात, म्हणून हे बोलायला हवं.

काचकाम_कोपरखैरणे

दादा, तुमचा हिशोब कागदावर बिनचूक आहे. पण खिडकी गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात, आहे हे तुम्ही गृहीत धरलंत. नवी मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांत जाऊन शटरची मापं घ्या. वर २२, खाली दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी, आणि रबर एका कोपऱ्यात आत ओढलेलं. तिथे काटकोनातली फिल्म नेली तर एका बाजूला रबरावर चढेल, नाहीतर दुसऱ्या बाजूला उजेडाची पट्टी दिसेल. गडद फिल्मला ती रेघ हॉलच्या दारातून दिसते. काचेवर कापलं की फिल्म काचेच्या आकाराची होते, काच कशीही असो. एक शटर फुकट गेलं तर तुमची सगळी बचत तिथेच संपली.

ठाणेकर_फिल्मवाला

वाकडी काच टेबलावरही कापता येते. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा घ्यायची, दोन्ही कर्ण मोजायचे, प्रत्येक शटरला नंबर द्यायचा. प्रत्येक बाजूला अर्धा सूत कमी ठेवायचं, म्हणजे साबणाचं पाणी कडेने बाहेर निघतं. फिल्म रबराला टेकली की तिथे पाणी अडतं आणि पुढे कड सुटते. आणि काचेवर ब्लेड फिरवण्याचं काय? एकदा पडलेला चरा आयुष्यभर राहतो.

नेरुळची_गृहिणी

चऱ्याबद्दल मी सांगते. आमच्या बेडरूमच्या काचेवर कडेने बारीक रेघ आहे, फिल्म लावतानाच पडलेली. दुपारी ऊन तिरपं आलं की चमकते. लावणारा म्हणाला, ती आधीपासूनच होती. तेव्हापासून काम सुरू करण्यापूर्वी मी प्रत्येक काचेचा फोटो काढते. मला तर टेबलवाली पद्धतच पटते.

काचकाम_कोपरखैरणे

ताई, तो दोष हाताचा आणि ब्लेडचा. स्टेनलेसची ब्लेड घ्यायची, कार्बनची नाही. शटर बदललं की ब्लेडचं वापरलेलं टोक मोडायचं. ब्लेड आडवी धरायची, जोर द्यायचा नाही, आणि एकदा सुरुवात केली की मध्ये थांबायचं नाही. बोथट ब्लेडवर जोर दिला की चरा पडतो.

आणि दादा, तुमच्या ६१ इंचांचं उत्तर माझ्याकडे आहे. चारही बाजूंना जादा ठेवायला कोण सांगतं? रोलची कंपनीतून आलेली कड सुतासारखी सरळ असते. शटरची वरची बाजू त्या कडेवर घ्यायची आणि खाली फक्त अर्धा इंच सोडायचा: साडेशेहेचाळीस. फिक्स काचेची एक कड रोलच्या दुसऱ्या बाजूला लावायची: साडेतेरा. बेरीज बरोबर साठ. वरची कड रबरापासून अर्धा सूत सोडून बसवायची आणि खालची काचेवर कापायची. तुमची मांडणी तशीच राहते. लांबीत दहा इंच जास्त जातात, म्हणजे चार चौरस फुटांच्या आसपास. त्या बदल्यात एकही तुकडा आखूड पडण्याची धास्ती नाही.

ऐरोली_आर्किटेक्ट

एक मुद्दा दोघांकडूनही सुटतोय. आरशासारखी चमकणारी फिल्म असेल तर तुकड्यांची दिशा फिरवू नये. एक तुकडा उभा आणि एक आडवा लागला की बाहेरून छटा वेगळी दिसू शकते, आणि संबंध दर्शनी भागावर ते खटकतं. ४८ च्या रोलमधून वरच्या काचा काढताना त्या आडव्याच्या उभ्या होतात. ६० मध्ये शटर आणि फिक्स दोन्ही एकाच दिशेने निघतात. फ्रॉस्टेड पट्ट्यांच्या फिल्मला तर दिशा चुकवून चालणारच नाही. म्हणून रोलची रुंदी आधी ठरवा, सुरीचा वाद नंतर.

ठाणेकर_फिल्मवाला

दिशेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. वरची कड रोलची ठेवायची ही युक्तीही चांगली आहे, फिक्स काचांना मी वापरेन. शटरच्या बाबतीत मात्र हटणार नाही. शटर काढून टेबलावर आडवं घेता येतं, माप सुतापर्यंत मिळतं. मग काचेवर ब्लेड लावायचीच कशाला?

काचकाम_कोपरखैरणे

शटर निघालं तर ना! मच्छरजाळीचा ट्रॅक, बाहेर ग्रिल, वर एसीचा पाइप. अशा खिडकीतलं शटर काढायला गेलं की रोलर तुटतो आणि तो भुर्दंड माझ्यावर येतो. सुटणारं शटर टेबलावर कापा, माझी हरकत नाही. अडकलेलं शटर आणि कर्णात दोन सुतांहून जास्त फरक असलेली काच, या दोन्ही मी जागेवरच कापणार.