मदत हवी आहे: चढावर गाडी ओढत नाही
नमस्कार. मागील महिन्यात मी 1,000 सीसी पेट्रोल इंजिनाची, 2014 सालची वापरलेली छोटी गाडी घेतली असून, कोल्हापूर शहरात ती ठीक चालते. परंतु पन्हाळ्याच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबूनही वेग 40 च्या पुढे जात नाही. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बदलून काडीचाही फरक पडला नाही. इंजिनाचे फेरे वाढून वेग तेवढाच राहिला असता, तर क्लच घसरतो असे मी मानले असते. येथे मुळात फेरेच वाढत नाहीत. मग इंधन पंपाचा दाब कमी आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या नळीतील, धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) तुंबला आहे, हे ओळखण्यासाठी आधी कोणती तपासणी करावी? उद्यमनगरातील एका मेकॅनिकने काहीही न तपासता थेट इंजिन उघडण्याचा सल्ला दिला, तो मला पटलेला नाही.