घारापुरीची बोट : आईला चढणं जमेल का?

मदत हवी आहे. आई ७१ वर्षांची, गुडघे दुखरे. सपाटीवर काठीने नीट चालते. सोमवारी घारापुरीची (एलिफंटा) लेणी बंद, म्हणून मंगळवारी न्यायचं ठरवलंय. बेटावर मोटारी नाहीत, पण धक्क्यावरून टॉय ट्रेन आणि पुढच्या १२० पायऱ्यांना डोली आहे. तिथली काळजी नाही.

अडचण मुंबईत गेटवे ऑफ इंडियाला बोटीत चढण्याची. मागच्या वेळी ओहोटी होती. बोट हेलकावत होती, त्यात एका बोटीतून दुसरीत पाय टाकायचा. आईने माझा दंड घट्ट धरला, सोडेचना. परत फिरलो. तिकीटवाल्यांना विचारलं तर ‘या, बघू’ एवढंच. तिला त्रिमूर्ती बघायचीच आहे हो!

भरतीच्या वेळी बोट थेट पायऱ्यांना लागते का? की उरणच्या मोरा बंदरातून चढणं सोपं जाईल? वयस्कर माणसाला घेऊन अलीकडे कुणी गेलंय का?