ऑरेंज पायची पारी चामट होते, कडाही खाली बसतात

प्रश्न (खमंग_विदर्भ): मृग बहाराची संत्री बाजारात आहेत तोवर ऑरेंज पाय जमवायचा आहे. मैदा २५० ग्रॅम, सॉल्टेड बटर १२५ ग्रॅम, पाणी १०० मिली घेते. नऊ इंची टिन, ओटीजी १८० अंशांवर. पारी चामट होते, कडा आकसून खाली येतात, तळ ओला राहतो. नागपुरात मार्चमध्येच दुपारी स्वयंपाकघर ३५ अंशांवर जातं, मळता मळताच बटर पातळ होतं. नेमकं काय चुकतंय?

लाटणं_पोळपाट: पाणी फार झालं. मैद्यात पाणी जास्त पडलं आणि वर मळलं की ग्लुटेन बनतं, त्यानेच पारी चामट होते. २५० ग्रॅम मैद्याला बटर १६५ ग्रॅम आणि बर्फाचं पाणी ५५ ते ७० मिली पुरतं. बटर सॉल्टेड आहे, वेगळं मीठ घालू नका.

बटरची वडी तासभर फ्रीझरमध्ये ठेवून किसणीवर मोठं किसा. मैदा आणि परातही गार हवी. कीस मैद्यात काट्याने फिरवायचा, बोटांनी चोळायचा नाही. करंजीत साटा जे काम करतो तेच इथे बटरचे अख्खे कण करतात. बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असतं, भाजताना त्याची वाफ होते आणि पदर सुटतात. कण मैद्यात विरघळले तर पदर कुठून येणार? पाणी चमचा-चमचा शिंपडा, मुठीत दाबल्यावर गोळा टिकला की थांबा. कणकेसारखं तिंबायचं नाही. चपटी चकती करून झाकून तासभर फ्रीजमध्ये.

भट्टीवाली: हे सगळं सकाळी सहा-सातला उरका. कूलर सुरू असेल तर हवा दमट असते, पाणी ५५ मिलीच धरा. लाटताना बटर चमकायला लागलं तर पारी ताटासकट दहा मिनिटं फ्रीझरमध्ये टाका, वरून मैदा भुरभुरवत बसू नका. कडा आकसतात त्या ओढून बसवल्यामुळे. पारी टिनपेक्षा दोन इंच मोठी लाटा, कोपऱ्यात सैल सोडा आणि भाजण्याआधी अर्धा तास टिनसकट गार करा.

खमंग_विदर्भ: बटरऐवजी साजूक तूप चालेल का?

लाटणं_पोळपाट: १३० ग्रॅम, थिजलेलं घ्या. पण तुपात पाणी नसतं, म्हणून पदर सुटणार नाहीत. नानकटाईसारखी भुसभुशीत पारी होईल. चवीला छान, फक्त कापताना मोडते.

संत्रा_बर्फी: ओल्या तळाचं राहिलं. १८० अंश कमी पडतात. आधी रिकामी पारी भाजा: काट्याने टोचा, बटर पेपर पसरा, काठापर्यंत कोरडा राजमा भरा. २०० अंशांवर २० मिनिटं, खालच्या जाळीवर, खालचा रॉड सुरू. मग राजमा काढून १८० वर आणखी दहा मिनिटं, तळ कोरडा आणि फिकट सोनेरी दिसेपर्यंत.

सारणात फोडी नकोत, शिजवून ठेवल्यावर कडवटपणा उतरतो. गाळलेला रस ३०० मिली, साखर ७५ ग्रॅम, कॉर्नफ्लोर ३० ग्रॅम, एका संत्र्याची फक्त केशरी साल किसून. बुडबुडे आल्यावरही मिनिटभर ढवळत शिजवा, नाहीतर नंतर पाणी सुटतं. सारण कोमट झाल्यावर गार पारीत ओता आणि चार तास फ्रीजमध्ये ठेवूनच कापा.