बी विंग महिला ग्रुप: नॉरफ्लॉक्सासिन आहे का कुणाकडे?

बी-३०२ सुनंदा: सासूबाईंना कालपासून लघवीला जळजळ, थेंब थेंब होतेय. रविवार, दवाखाना बंद. कुणाकडे नॉरफ्लॉक्सासिन अँटिबायोटिक आहे का?

बी-१०४ जोशीकाकू: उन्हाळी लागली असेल गं. धने-जिऱ्याचं पाणी दे. माझ्याकडे गोळ्या उरल्यात, पाठवते.

बी-५०१ मेघना: काकू, नका पाठवू प्लीज. लॅबमध्ये रोज हेच बघते. बहुतेक वेळा ई. कोलाय निघतो. आपल्याच आतड्यात गुण्यागोविंदाने राहणारा जंतू. मूत्रमार्गात शिरला की अंगावरच्या बारीक तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला चिकटून बसतो, नुसत्या पाण्याने दर वेळी निघत नाही. त्याच्याखालोखाल क्लेबसिएला. आणि नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रो आपल्याकडे वर्षानुवर्षं कशावरही घेतल्या गेल्या. आता ई. कोलायच्या रिपोर्टमध्ये त्यांच्यापुढे बहुतेक ‘आर’च असतो. म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाही.

जोशीकाकू: मला तर दोन दिवसांत गुण आला होता!

मेघना: कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काय आलं होतं?

जोशीकाकू: कल्चर कोण करतंय 😄

सुनंदा: आईंच्या मागच्या रिपोर्टवर ईएसबीएल लिहिलंय. ते काय?

मेघना: मग तर अजिबात अंदाजाने देऊ नका. तो जंतू असं एन्झाइम बनवतो की सेफिक्झिमसारखी औषधं त्याच्यापुढे फुकट जातात. नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन अजून बरेचदा चालतात, पण या वयात किडनी बघून डॉक्टरच ठरवतील. पहिल्या गोळीच्या आधी लघवीचा नमुना द्या. पहिली धार सोडून मधली, लॅबच्या निर्जंतुक डबीत. लगेच पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये. घरातली धुतलेली बाटली नको, भलतेच जंतू वाढतात आणि आम्ही डोकं खाजवत बसतो. रिपोर्टला दोनेक दिवस लागतात. तोवर डॉक्टर एक औषध सुरू करतात, मग गरज पडली तर बदलतात.

बी-४०३ शेखबाजी: माझ्या चेकअपमध्ये लघवीत जंतू आलेत, त्रास काहीच नाही. गोळी घेऊ?

मेघना: त्रास नसेल तर बहुधा लागत नाही. गरोदरपणात मात्र द्यावी लागते. तुमच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

सुनंदा: मेघना, आई आत्ता थंडी वाजतेय म्हणाल्या. कमरेच्या वर पाठीत पण दुखतंय.

मेघना: मग सोमवारची वाट बघू नका. किडनीपर्यंत गेलं असू शकतं. आत्ताच कॅज्युअल्टीला न्या, नमुना तिथेच घेतील. जुना रिपोर्ट आणि आईंच्या डायबेटिसच्या गोळ्यांची यादी सोबत.

बी-२०१ वैशाली: गाडी काढतेय. सुनंदा, लिफ्ट बंद आहे, आईंना खुर्चीवरून उतरवू. वॉचमनला वर पाठवते.